हजारात चांगला इअरफोन कुठला? तुम्ही विचारलंत म्हणून

"दादा, हजार-दीड हजारात आवाजाला भारी इअरफोन कुठला?" आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी विचारतंच. सोलापूरच्या नवी पेठेत भेटलेला मित्र, भाच्याचे कॉलेजातले दोस्त, परवा तर हुतात्मा एक्सप्रेसला शेजारच्या सीटवरच्या काकांनी विचारलं, माझ्या कानात वायरवाला बघून. मी घाईत एक नाव सांगतो आणि नंतर चुटपुट लागते, कारण तेच मॉडेल एकाला आवडतं आणि दुसरा म्हणतो ह्याला बेसच नाही. म्हणून ह्यावेळी नीट लिहितोय.

ते 'बेसच नाही' आधी घेतो. गेल्या महिन्यात भाचा आला, "मामा, रिटर्न टाकतो हे, पत्र्याचा डबा वाजवल्यासारखं वाजतंय." त्याच्या कानात बघितलं तर बॉक्समधून जी मधल्या साईझची रबरी टिप लावून येते तीच होती, उजवीकडे बरी बसलेली आणि डावीकडे नुसती लोंबकळत होती. डावीकडे मोठी टिप लावली, त्याला म्हटलं दुसऱ्या हाताने कान जरा वर ओढ आणि मग इअरफोन फिरवत आत घाल. तेच गाणं परत लावलं. पोरगं बोलायचं थांबलं आणि गाणं संपेपर्यंत तसंच बसलं, रिटर्न वगैरे विषयच निघाला नाही परत. कानाची नळी बंद झाली नाही की खालचे सूर, म्हणजेच बेस, फटीतून निघून जातात आणि फक्त वरचा किरकिरा आवाज उरतो, एवढी साधी गोष्ट आहे ती. दोन्ही कान एकाच मापाचे असतात असंही नाही. आणि आपल्याकडे मे महिन्यात घामानं टिपा घसरतात ते वेगळंच. म्हणून कुठलाही इअरफोन वाईट ठरवायच्या आधी बॉक्समधल्या तिन्ही टिपा लावून बघा, माझं हे सगळ्यात कळकळीचं सांगणं आहे.

आता आवाज पारखायचा कसा. लोक दणदणीत डीजेचं गाणं लावतात आणि दणका बसला की खूश होतात, पण त्यात वाईट इअरफोन लपतो. मी अभंग लावतो, चांगलं रेकॉर्डिंग असलेला आणि मला तोंडपाठ असलेला. एका अभंगात सगळं असतं बघा. पखवाजाच्या डाव्या पुडीला कणीक लावलेली असते, त्यामुळे तिचा आवाज खोल आणि गोल येतो, तो गोल ऐकू आला पाहिजे, नुसता 'धब्ब' नको, आणि वाजून लगेच थांबलाही पाहिजे, कारण तो रेंगाळला तर गळ्यावर गोधडी टाकल्यासारखं होतं. स्वस्तातले 'एक्स्ट्रा बेस' वाले इथंच मार खातात. मग गळा, गायक आपल्या समोर बसलाय का पाठीमागच्या खोलीत. 'स' आणि 'श' कानात टोचत असतील तर वरचा भाग वाढवून ठेवलाय असं समजा, असला इअरफोन दुकानात दोन मिनिटं 'क्लिअर' वाटतो आणि घरी अर्ध्या तासात डोकं धरतो. शेवटी टाळ आणि तंबोरा. टाळ वाजून विरत जातो ती शेपटी ऐकू येते का, तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा तो गुणगुणता झंकार, मागे तेवत राहते का. हजारातल्या ज्या पीसमध्ये हे जमलंय तो पैसे वसूल आहे.

दोन पीस शेजारी ठेवून बघताना आवाजाची पातळी सारखी करा. जो थोडासा जरी मोठा वाजतो तोच कानाला जास्त चांगला वाटतो, मी स्वतः ह्यात दोनदा चुकीचा घेतलाय.

बॉक्सवरच्या आकड्यांचं काय? '२० ते २०,००० हर्ट्झ', म्हणजे सगळ्यात खालच्या सुरापासून वरच्यापर्यंतचा पल्ला, जवळपास सगळ्यांवर असतं. पुणे ते सोलापूर रस्ता आहे एवढं सांगितल्यानं खड्डे कुठं आहेत ते कळत नाही, तसंच हे, कुठला सूर किती जोरात वाजतो ते त्यात नसतंच. ड्रायव्हर (इअरफोनच्या आतला छोटा स्पीकर) जास्त म्हणजे चांगला हेही खरं नाही, ह्या किमतीत चार-पाच ड्रायव्हरचा मेळ बसवण्यापेक्षा नीट ट्यून केलेला एकच डायनॅमिक (नेहमीचा पडद्याचा) ड्रायव्हर मला कायम उजवा वाटलाय. आणि किमतीचं म्हणाल तर २०१७ साली येरून ब्रेबार्ट नावाच्या संशोधकानं २८३ हेडफोन मोजून बघितले, त्यात किंमत आणि फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स, म्हणजे कुठला सूर किती जोरात वाजतो ते, ह्यांचा काही संबंधच सापडला नाही. महाग वस्तू मजबूत असेल, दिसायला देखणी असेल, पण आवाज तेवढाच चांगला असेल असं नाही.

मग पैसे कशाला द्यायचे? माझ्या मते वायर काढून बदलता येण्याला. माझा एक चांगला वाजणारा पीस पाचव्या महिन्यात एका बाजूनं बंद पडला, जॅकपाशी वायर तुटली होती, कंपनीनं वॉरंटीत बसत नाही म्हणून हात वर केले आणि आख्खा इअरफोन कचऱ्यात. वायर निघणारी असती तर दोन-तीनशेत काम झालं असतं. मूनड्रॉप कंपनीच्या 'चू टू' ह्या इअरफोनची वायर निघते आणि गळा फार छान लागतो त्यात, नावच पाहिजे असेल तर हे घ्या. वायरलेस घेऊ नका असं नाही, गाडीवरनं उतरून फोन घ्यायला सोयीचं आहे, पण त्याच हजारात बॅटरी, चिप, माईक, चार्जिंगची डबी एवढं सगळं बसवायचं असतं आणि बॅटरी दोन-तीन वर्षांत दमते. फोनला जॅक नसेल तर टाईप-सीचं छोटं कन्व्हर्टर घ्या.

आणि टिप नीट बसली की बाहेरचा गोंगाट आपोआप कमी होतो, मग आवाज फुल्ल करावा लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं, ८० डेसिबल (आवाजाचा जोर मोजायचं माप) एवढ्या आवाजात आठवड्यात ४० तासांपर्यंत ऐकलेलं चालतं, आणि आवाज दर ३ डेसिबल वाढला की हा वेळ निम्मा. हे मी फार मनावर घेतो कारण आमचे वडील सोलापूरच्या पूर्व भागात तीस वर्षं यंत्रमागावर होते, कारखान्यात एकमेकांशी बोलायचं तर कानात ओरडावं लागायचं. नवीन पीस आला की मी अभंग लावून आधी त्यांच्या कानात घालतो. पखवाजाला त्यांची बोटं मांडीवर बरोबर चालतात. गाणं संपलं की विचारतात, "टाळ हायत का रे ह्यात?"