टिकली बसवताना

परवा बालेवाडीहून भाचीचा फोन आला. ती तिथं .२२ रायफलचा सराव करते. २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये आपल्या कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ मिळवलं, तेव्हापासून तिच्या डोक्यात दुसरं काही नाही. म्हणाली, "आत्या, बाबा सांगत होता तू घरी बसून काडतुसं भरतेस. खरंच? आणि पोलीस येत नाहीत?"

नाही येत. मी अमेरिकेत ओहायोत राहते, कोलंबसपासून गाडीनं अर्ध्या तासावर. इथं स्वतःच्या वापरापुरती काडतुसं घरी भरायला केंद्राचा परवाना लागत नाही. विकायला काढलीत तर लागतो. भारतात शस्त्र कायद्याखाली हे असं घरच्या घरी करता येत नाही, आणि ते तिला मी आधी स्पष्ट सांगितलं, कारण सतरा वर्षांच्या मुलीच्या डोक्यात काय येईल सांगता येत नाही. शिवाय तिच्या .२२ ला हे लागूही पडत नाही. तिच्या काडतुसाला वेगळी टिकली, म्हणजे बार पेटवणारी छोटीशी वाटी, नसतेच. स्फोटक मिश्रण बुडाच्या काठातच, आतल्या घडीत भरलेलं असतं. पिन काठावर आपटते, काठ चेपतो, बार उडतो. एकदा चेपलेला काठ पुन्हा भरता येत नाही. माझ्या गॅरंडचं, म्हणजे जुन्या अमेरिकन लष्करी रायफलचं, .३०-०६ काडतूस वेगळं. त्याच्या बुडाच्या मधोमध एक गोल घर असतं आणि त्यात टिकली बसवलेली असते. बार झाला की जुनी टिकली काढायची, नवी बसवायची, पितळ पुन्हा कामाला.

टिकली हा माझा शब्द. इथं सगळे प्रायमर म्हणतात. पण लहानपणी दिवाळीत पत्र्याच्या पिस्तुलात घालून आम्ही ज्या टिकल्या फोडायचो, त्याच जातीची ही वस्तू आहे, फक्त हिला घर आहे आणि ऐरण आहे. ऐरण खरोखरच. मोठ्या रायफलच्या टिकलीचा व्यास ०.२१० इंच, म्हणजे साडेपाच मिलिमीटरच्या आतच. तेवढ्याशा धातूच्या वाटीत चिमूटभर मिश्रण आणि त्यावर तीन पायांची बारीक ऐरण. पिननं वाटीची पाठ ठोकली की मिश्रण वाटी आणि ऐरण यांच्यामध्ये चिरडतं आणि पेटतं. हे चिरडणं नीट व्हायला ऐरणीचे पाय घराच्या तळाला टेकलेले हवेत. टेकलेले नसतील तर पिनच्या ठोक्याचा जोर टिकलीला खाली सरकवण्यातच जातो. टिकली बसवण्याची सगळी विद्या या एका गोष्टीत आहे, आणि मला ती फार उशिरा कळली.

२०१२ ची गोष्ट. एरी सरोवराच्या काठी कॅम्प पेरी म्हणून जागा आहे. १९०७ पासून तिथं राष्ट्रीय नेमबाजी सामने होतात. मी तिथल्या एका गॅरंड सामन्यात उतरले होते. २०० यार्ड, मोजणीच्या तीस गोळ्या. जलद फेरीत दहा गोळ्या मारायच्या: आधी दोन, मग आठ काडतुसं धरणारी क्लिप. आठच्या क्लिपमधल्या चौथ्या गोळीला फक्त 'टक्' झालं. थांबले, नळी निशाणाकडेच ठेवून काही क्षण मोजले, मग बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा दट्ट्या, ओढून ते काडतूस बाहेर काढलं. वेळ गेली, लय गेली आणि शेवटी कार्डावर नऊच भोकं. पण मला गुणांचं वाईट वाटलं नाही, भीती वाटली. कारण गॅरंडची पिन मोकळी असते. बोल्ट पुढं आदळून बंद होतो तेव्हा पिन टिकलीला हलकासा स्पर्श करतेच. गॅरंडमध्ये चढवून न उडवता बाहेर काढलेल्या कोणत्याही काडतुसावर तुम्हाला तो बारीक ठिपका दिसेल. टिकली बुडाच्या वर आलेली असेल तर बोल्ट पुरता अडकण्याआधीच बार होऊ शकतो. त्या दिवशी नुसतं 'टक्' झालं म्हणून निभावलं.

घरी येऊन उरलेली काडतुसं कॅलिपरनं तपासली. अकरा टिकल्या बुडाच्या पातळीवर किंवा जरा वर होत्या. टिकली बुडापेक्षा साधारण ०.००३ ते ०.००५ इंच खाली बसलेली हवी.

तोपर्यंत मी टिकल्या मोठ्या प्रेसवर बसवत होते. लांब दांडा, भरपूर जोर, एका ओढीत तीन कामं. त्या दांड्यानं टिकली खाली गेली की नाही हे हाताला कळतच नाही. टिकलीच्या घरात काजळी साचलेली असली तरी दांडा तितकाच जातो, घर सैल झालेलं असलं तरी तितकाच. यंत्र वाईट नव्हतं. बायसेपला जे कळत नाही ते त्याला विचारत होते, चूक ती होती.

म्हणून मग हातातलं साधन घेतलं. पहिलं 'ली' कंपनीचं गोल ट्रेचं, अंगठ्यानं दाबायचं. त्याला शेलहोल्डरही, म्हणजे काडतुसाचं बूड धरणारे तुकडे, त्याचेच लागतात, प्रेसचे चालत नाहीत; .३०-०६ ला २ नंबरचा. पुढं २०१९ मध्ये अंगठ्याचा सांधा दुखायला लागला, तेव्हा 'आरसीबीएस' कंपनीचं मुठीत धरून दाबायचं घेतलं. त्याला शेलहोल्डरच लागत नाही, त्याचे जबडे काडतुसाचं बूड आपसूक पकडतात. संवेदनेच्या बाबतीत मला अजून अंगठ्याचंच आवडतं. पण दोनशे केसेस, म्हणजे काडतुसांची पितळी नळकांडी, करायच्या तर मूठ बरी.

काम कसं चालतं ते सांगते. रिकाम्या केसेसमधून जुन्या टिकल्या काढलेल्या असतात, पितळ पाण्यात स्टीलच्या बारीक सळ्यांबरोबर घुसळून धुतलेलं, वाळवलेलं. शंभरची डबी उघडायची आणि त्यातल्या पन्नास टिकल्या ट्रेमध्ये ओतायच्या. ट्रेला बारीक कंगोरे असतात. ट्रे आडवा धरून हलकेच हलवला की टिकल्या एकेक करून उलटतात. चमकती पाठ खाली, ऐरण वर. तांदूळ निवडताना सूप हलवतो तशी मनगटाची हालचाल, पण पाखडायचं नाही, अजिबात नाही. सगळ्या ऐरणी वर दिसल्या की झाकण लावायचं. केस सरकवायची, मूठ आवळायची.

आणि इथं हाताला तीन गोष्टी कळतात. आधी काहीच नाही, नुसती पोकळ चाल. मग टिकली घराच्या तोंडाशी लागते आणि घट्टपणा जाणवतो, लोण्यात नाही तर नव्या बाटलीच्या बुचासारखा. आणि शेवटी तळ लागतो. तो तळ लागणं मला शब्दांत सांगता येत नाही. दगडी पाट्यावर वरवंटा टेकतो तसं काहीसं, पण मोहरीएवढं. तिथं थोडा अधिक दाब, की ऐरणीचे पाय बसले. केस अर्धा फेरा फिरवून पुन्हा एकदा हलका दाब. मग बुडावरून बोट.

मधला घट्टपणा जाणवलाच नाही तर केस गेली. घर सैल झालंय, टिकली धरून ठेवणार नाही, मागून गॅस येईल. अशी केस मी पकडीनं तोंड चेपून भंगाराच्या डब्यात टाकते, म्हणजे चुकूनही परत यायला नको. गॅरंडचं पितळ तसंही मी पाच भरण्यांनंतर वापरत नाही.

उलट, घट्टपणा फारच असेल तर थांबायचं. ही शिकवण मला एका लष्करी केसनं दिली. लष्करी पितळात टिकली हलू नये म्हणून घराच्या तोंडावर पितळ आत चेपून कडं केलेलं असतं. जुनी टिकली काढल्यावर ते कडंही काढावं लागतं, दाबून किंवा कातून. माझ्या ढिगात एक राहून गेली होती. मूठ अडली. मी अजून आवळली. काहीतरी चुरल्यासारखं झालं. बाहेर काढून बघितलं तर टिकली तिरकी होऊन एका बाजूनं चेपलेली, ऐरण वाकडी. उडाली नाही. डोळ्यांवर चष्मा होता, ट्रेला आडोसा होता, तरीही मी दहा मिनिटं हात मांडीवर ठेवून बसले. त्या रात्री पुढं एकही केस केली नाही.

आमचे आप्पा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. १८६९ पासूनचा कारखाना तो. कामाबद्दल घरी एक शब्द बोलायचे नाहीत. आम्हालाही विचारायची सवय नव्हती. २०१३ च्या उन्हाळ्यात आई-आप्पा इथं आले. एका संध्याकाळी मी तळघरात टिकल्या बसवत होते आणि ते जिन्यावरून उतरून आले. काही न बोलता माझ्या बाहीला हात लावला. "हे नायलॉन आहे. सुती घालून ये, पोरी." मी वर जाऊन सुती झगा घालून आले. मग त्यांनी टेबलावरचा माझा फोन उचलून जिन्यावर नेऊन ठेवला, चहाचा कपही. मला म्हणाले, "पाण्याच्या नळाला हात लावून बस." अंगावरची स्थिर वीज जाऊ दे म्हणून. मग स्टूल ओढून शेजारी बसले आणि मी बसवलेल्या केसेस एकेक उचलून बुडावरून अंगठा फिरवायला लागले. नखानं नाही, अंगठ्याच्या उशीनं. चाळीस झाल्या. दोन बाजूला काढल्या. एक खरंच वर होती. दुसरी मी मोजली, ती ०.००४ खाली, अगदी बरोबर. तसं सांगितलं तर म्हणाले, "असेल. पण मला शंका आली ना?" आणि ती परत दिली नाही.

त्यांच्यामुळे काही गोष्टी या घरात पक्क्या झाल्या. टिकल्या विकत आणलेल्या मूळ डबीतच राहतात. काचेच्या बरणीत एकत्र ओतून ठेवणं म्हणजे बॉम्ब तयार करणं, कारण एक उडाली की सगळ्या उडतात. डबीत त्या वेगवेगळ्या खणांत असतात त्याला कारण आहे. फेडरल कंपनीच्या टिकल्या जरा जास्त संवेदनशील, म्हणून त्यांचं पॅकिंग तेवढंच ऐसपैस असतं. मी गॅरंडला 'सीसीआय ३४' ही टिकली वापरते, तिची वाटी लष्करी धर्तीची, मोकळ्या पिनचा स्पर्श सोसणारी. ट्रेमध्ये एका वेळी पन्नासच. टेबलावर बंदुकीच्या दारूचा डबा नाही. ती दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या कामाला. (किती दारू, कोणती, हे कुणी विचारू नये. ते छापील भरणी-पुस्तकातूनच बघायचं, माझ्यासारखीच्या लिखाणातून नाही.) आणि शेवटी साबणानं हात, कोपरापर्यंत. टिकलीत शिसं असतं, जुन्या टिकल्यांच्या काजळीत तर असतंच. हात धुतल्याशिवाय मी दाराच्या कडीलाही हात लावत नाही.

२०२०-२१ मध्ये टिकल्या मिळेनाशा झाल्या. हजाराच्या खोक्याला इथं वीट म्हणतात. ती वीट आधीच्या तिप्पट भावाला आणि तीही दिसली तर. तेव्हा माझ्याकडं सहाशे उरल्या होत्या. त्या दोन वर्षांत मी एकही टिकली वाया घालवली नाही. प्रेसवर बसवत असते तर शंभरातल्या दोन-तीन गेल्याच असत्या.

भाचीला हे सगळं सांगून झालं तेव्हा पुण्यात रात्रीचे अकरा वाजले होते. ती म्हणाली, "मग आले की मला बसवायला देशील?" पुढच्या मे महिन्यात येणार आहे. मी तिला म्हटलं, आधी उडालेल्या जुन्या टिकल्या रिकाम्या केसमध्ये बसवायच्या. शंभर. त्यातल्या दहा घरं सैल असलेल्या केसेस मी मुद्दाम मिसळून ठेवणार, आणि त्या तिनं डोळे मिटून ओळखायच्या. दहाच्या दहा सापडल्या तर पुढचं बघू. सैल केसेस भंगाराच्या डब्यात आता टाकत नाहीये, एका वेगळ्या पिशवीत जमवतेय. सात झाल्यात. आणि तिला सांगितलंय, येताना सुती कुडते आण.