तुम्ही विचारलंत म्हणून: इलेक्ट्रिशियनचा कोर्स परवडतो काय?

दहावीचा निकाल लागला की माझा फोन वाजायला लागतो. गोव्यातल्या डिचोली, साखळी, वाळपई, कुठूनही. प्रश्न एकच, "दादा, पोराला आयटीआयला इलेक्ट्रिशियनला घालू काय? दोन वर्षं घालवून हातात किती पडणार? त्यापेक्षा तीन महिन्यांचा कोर्स करून लगेच कामाला लागला तर?" मी या धंद्यात 18 वर्षं आहे, स्वतः आयटीआय केलेला, आता कॉन्ट्रॅक्टर लायसन्स आहे आणि चार पोरं माझ्याकडे काम करतात. प्रत्येकाला फोनवर अर्धा अर्धा तास सांगत बसतो, यंदा म्हटलं लिहूनच काढू.

सगळे आधी फी विचारतात, आणि या सगळ्या हिशोबात फी हाच सगळ्यात लहान आकडा. सरकारी आयटीआयची दोन वर्षांची फी एका बऱ्या मोबाईलच्या आत बसते. कदंब बसचा पास, युनिफॉर्म, टेस्टर, पक्कड, एक मल्टिमीटर, झालं. खरा खर्च बुडालेल्या मजुरीचा.

माझ्याकडच्या हेल्परला मी दिवसाला 600 देतो. पाऊस, चतुर्थी, सुट्ट्या धरून महिन्याचे सरासरी 20 दिवस भरतात, म्हणजे 12,000. दोन वर्षांचे झाले 2,88,000. त्यानंतर वर्षभर अप्रेंटिसशिप, म्हणजे कामावर राहून शिकणं, तिथे 2019 च्या नियमांत आयटीआय झालेल्याला महिन्याला कमीत कमी 7,000 स्टायपेंड ठरला होता, तोच धरला तर तिथेही महिन्याला 5,000 कमी, वर्षाचे 60,000. एकूण साधारण साडेतीन लाख. आता दुसरी बाजू बघा. परमिटवाल्या, म्हणजे वीजकामाचा सरकारी परवाना असलेल्या वायरमनला मी दिवसाला 1,000 देतो. फरक 400 चा, महिन्याला 8,000. साडेतीन लाख भरून यायला साडेतीन वर्षांच्या वर थोडं. सोळाव्या वर्षी आत गेलेला पोरगा एकोणिसाव्या वर्षी बाहेर पडला तर तेविसाच्या आत सगळं फिटतं आणि पुढची सगळी वर्षं वरच्या पैशांची. हे आकडे माझ्या वहीतले आहेत, वेर्ण्याच्या कंपनीत किंवा कळंगुटच्या हॉटेलात मेंटेनन्सला लागला तर पगाराचं गणित वेगळं, पीएफ वगैरे असतं, पण रविवार-सोमवार कळत नाही.

आणि एक मनापासून सांगतो, ते 2,88,000 कागदावरचेच आहेत. सोळा वर्षांच्या पोराला मी लाईनच्या जवळ उभा करत नाही, कोणीही करू नये. म्हणजे ज्या दोन वर्षांची मजुरी बुडते म्हणून घरचे घाबरतात ती त्याला तशीही पुरती मिळणार नव्हती. भिंतीत खाचे मारण्यात आणि पाईप धरून उभं राहण्यातच ती जातात.

तीन महिन्यांच्या कोर्सबद्दल. गेल्या साली साखळीकडची एक वहिनी भेटली, तिने मुलासाठी 35,000 भरले होते एका ठिकाणी, सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीवर लावलेलं. मुलगा हुशार, हात चांगला, पण त्या कागदावर परमिटसाठी अर्ज करायला गेला तर कागद चालेना. भरायच्या आधी तिला हे कोणी सांगितलं नाही याचा मला अजून राग आहे. शिकवतात ते वाईट असतं असं नाही, घरातलं वायरिंग, पंखा, बोर्ड भरणं येतं, पण आयटीआयचं सर्टिफिकेट राष्ट्रीय पातळीवरचं असतं, देशभर चालतं, गल्फला जाणाऱ्यांकडे मागतात, वीज खात्याच्या जाहिरातीतही आयटीआय लिहिलेलं असतं. आणि केंद्रीय वीज प्राधिकरणाचे सुरक्षेचे नियम, आधी 2010 चे होते आता 2023 चे, त्यात स्पष्ट आहे की बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच बदलण्यासारखी किरकोळ कामं सोडली तर इन्स्टॉलेशनचं काम लायसन्सवाल्या कॉन्ट्रॅक्टरने, सर्टिफिकेटवाल्या सुपरवायझरच्या देखरेखीखाली आणि परमिटवाल्या माणसानेच करायचं. नवीन कनेक्शनला टेस्ट रिपोर्ट लागतो त्याच्यावर सही लायसन्सवाल्याची. पैसा त्या सहीत आहे. ज्याला सही नाही तो जन्मभर दुसऱ्याच्या सहीखाली राबतो, आणि मी अशी पन्नाशीची माणसं बघितलीत, माझ्यापेक्षा जास्त काम येतं त्यांना, तरी रोजावर.

पण नुसत्या पैशांसाठी सांगत नाही. मागच्या जुलैत सत्तरी तालुक्यात एका घरी गेलो. जुनं चिऱ्यांचं घर, पाऊस लागला की आरसीसीबी, म्हणजे करंट कुठे गळला की आपोआप लाईट तोडणारा स्विच, पडायचा. घरवाल्यांनी आधी कोणाला तरी बोलावलं, त्याने वायरचा एक तुकडा टाकून आरसीसीबी बायपास केला, 300 रुपये घेतले आणि गेला. लाईट जात नाही म्हणून घरचे खूश. माझ्याबरोबर माझा भाचा, आयटीआय करून अप्रेंटिसशिप संपवलेला. त्याने कव्हर काढलं आणि एकदम गप्प झाला, मग मला बोटाने तो तुकडा दाखवला. मेन बंद करून एकेक सर्किट वेगळं केलं, मेगर लावला, म्हणजे वायरचं इन्सुलेशन तपासायचं मीटर. चांगल्या वायरिंगला निदान 1 मेगओहम तरी दिसायला हवं, व्हरांड्याच्या सर्किटला 0.02. होल्डरमध्ये पाणी, आत हिरवी काट चढलेली, आणि त्याच्या बरोबर खाली लोखंडी ग्रील जिथे त्या घरची म्हातारी रोज ओले कपडे वाळत घालायची. 30 मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी तिच्यासाठीच पडत होता हो, आणि तोच बंद करून ठेवलेला. अर्थिंगचा खड्डा पण सुका जांभा, कोळसा-मीठ कधी भरलं होतं देवाला माहीत.

आम्ही दुसऱ्या दिवशीपर्यंत सगळं सुरळीत केलं, बिल 300 पेक्षा बरंच जास्त झालं, घरवाल्यांनी कुरकुर न करता दिलं. मेगर कसा धरायचा, आकडा काय सांगतो, आरसीसीबी का पडतो, हे दोन वर्षांत वर्कशॉपमध्ये हाताने करून येतं. तीन महिन्यांत एवढं कुठून येणार.

आता कामं पण बदलली आहेत. 2024 ला घरच्या सोलरसाठी केंद्राची सूर्यघर योजना आली, 3 किलोवॅटला 78,000 सबसिडी, छतावर पॅनल बसवणारे वाढले. पॅनलमधून डीसी करंट येतो, त्याचं वायरिंग घरातल्या एसीपेक्षा वेगळं, ठिणगी पडली तर सहज विझत नाही, त्यामुळे बेसिक पक्कं असलेला पोरगा लोक शोधतात.

आयटीआय सगळ्यांसाठी आहे असं मात्र मी म्हणणार नाही. ज्याला उंचीची भीती आहे, किंवा मे महिन्यात पत्र्याखाली दिवस काढायची तयारी नाही, त्याला फक्त मार्क कमी पडले म्हणून ढकलू नका. आणि घरी खरंच कमावणारं कोणी नसेल तर दोन वर्षं थांबणं कठीण, मला कळतं ते. अशांनी अप्रेंटिसशिपचीच चौकशी आधी करावी, दहावी झालेल्याला थेटही घेतात काही ठिकाणी, पहिल्या महिन्यापासून स्टायपेंड सुरू होतो.

ठरत नसेल तर पैसे कुठेही भरू नका अजून. येत्या रविवारी केरीला एका जुन्या घराचं पूर्ण रीवायरिंग सुरू करतोय, पोराला सकाळी आठ वाजता पाठवून द्या, दिवसभर नुसता बघू दे, हात लावायचा नाही. चप्पल नको, रबरी सोलचे बूट घालून येऊ दे.