त्या दोन ओळी कुठे गेल्या?

आमच्या कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, घटनांची नोंद ठेवणारा एक रिंग बफर होता (भरला की पुन्हा पहिल्या जागेपासून लिहिला जाणारा), आणि त्याच्या कोडच्या दोन प्रती होत्या: एक एक्स८६ प्रोसेसरच्या फोल्डरमध्ये, दुसरी आर्म६४ प्रोसेसरच्या. कधीकाळी एकीवरून दुसरी कॉपी केलेली. पुढे एक्स८६ च्या प्रतीत एक बग दुरुस्त झाला, ती दुरुस्ती आर्मकडे पोचलीच नाही. म्हणून दोन्हींची मिळून एकच फाइल करायचं काम माझ्याकडे आलं. लिनक्सनं २००८ च्या जानेवारीत, २.६.२४ मध्ये, एक्स८६ च्या ३२ आणि ६४ बिटांच्या कोडची अख्खी दोन झाडं एकत्र आणली होती. माझी तर जेमतेम चारशे ओळींची फाइल.

एक्स८६ ची प्रत नीटनेटकी होती, म्हणून तीच पायाला घेतली. आर्मच्या प्रतीत दोन मेमरी बॅरियर, म्हणजे मेमरीतल्या वाचन-लेखनाचा क्रम पाळायला लावणाऱ्या ओळी, जास्तीच्या होत्या. एक्स८६ वर त्यांच्यावाचून वर्षानुवर्षं बिनबोभाट चाललं होतं, म्हणून मी ते गाळले.

एक्स८६ वर रात्रभर टेस्ट चालवली, एकही चूक नाही. आर्मच्या बोर्डावर मात्र दुसऱ्या दिवशी दुपारी एक नोंद खराब निघाली. लाखो नोंदींमधली एक. शोधायला प्रिंट टाकला की चूक गायब, काढला की परत हजर. संध्याकाळी खराब नोंदीचा हेक्स डंप कागदावर उतरवला आणि अनुक्रमांकांची वजाबाकी केली. हवा होता त्यापेक्षा आकडा बरोबर १०२४ ने मागे. आमच्या बफरमध्ये जागाही १०२४ च. म्हणजे मजकूर बिघडला नव्हता, मागच्या फेरीतलाच वाचला गेला होता.

माझा कोड तपासणाऱ्या मॅडमना दाखवलं. त्यांनी डंप पाहिला आणि विचारलं, "आर्मच्या फाइलीतले बॅरियर कुठे गेले?"

पोटात गोळाच आला. प्रोसेसरचा लिहिणारा कोर आधी नोंद भरतो, मग हेड, म्हणजे कुठवर लिहून झालं ते सांगणारा आकडा, पुढे सरकवतो. एक्स८६ वर एका कोरनं केलेले राइट बाकीच्यांना त्याच क्रमानं दिसतात, वाचनंही क्रमानंच होतात. आर्म ही हमी देत नाही. हेड सरकलेला दिसतो आणि नोंद अजून जुनीच असते. एक्स८६ ची प्रत मुळातच अपुरी होती. प्रोसेसर तिला सांभाळून घेत होता, आणि मी तीच सगळ्यांच्या गळ्यात घातली.

हेड लिहिताना स्टोअर-रिलीज (आधीचं सगळं दिसल्यावरच हे दिसेल) आणि वाचताना लोड-अ‍ॅक्वायर (पुढची वाचनं यानंतरच होतील) घातले. आर्म६४ वर त्यांच्या एसटीएलआर आणि एलडीएआर या सूचना होतात. एक्स८६ वर साधे मूव्हच राहतात, फक्त कंपायलरला क्रम बदलता येत नाही. एक्स८६ ची डिसअसेंब्ली, म्हणजे कंपायलरनं बनवलेल्या प्रत्यक्ष सूचना, उघडून पाहिली: जास्तीची एकही नाही.

रात्री पुन्हा टेस्ट लावली. सकाळी दोन्हीकडे शून्य चुका. मग जुन्या दोन्ही फाइली डिलीट केल्या आणि कोणता रिलीज कोणत्या अ‍ॅक्वायरच्या जोडीचा, ते कॉमेंटमध्ये लिहिलं. रिव्ह्यूत मॅडमनी एवढंच सुचवलं, "ते १०२४ चं पण दोन ओळींत टाक तिथे."