चिऱ्याच्या घराचं मोल

कर्जासाठी घराची किंमत काढायला गेल्या आठवड्यात एक गृहस्थ गुहागरला आमच्याकडे आले होते. टेप लावली, ५२० चौरस फूट लिहिलं, बांधकाम ४६ वर्षांचं म्हणून घसारा, म्हणजे जुनेपणाची वजावट, धरला. आकडा ऐकून मला वाईट वाटलं.

दुपारी दोनला ते माजघरात बसले होते, पंखा बंद. “काकू, आत बरं वाटतंय हो,” म्हणाले. वाटणारच! जांभ्याच्या चिऱ्यांची भिंत चौदा इंच जाड. पश्चिमेचं ऊन तिच्यात मुरून आत पोचेपर्यंत दिवेलागण होते. मंगळुरी कौलांच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते. शेजारच्या नव्या स्लॅबच्या घरात रात्री अकरालाही छताची धग जाणवते, एसी चालूच. पण किंमत काढणाऱ्या गृहस्थांच्या कागदावर गारव्याला रकानाच नव्हता.

शाकारणीचा, म्हणजे कौलं काढून परत नीट लावण्याचा, खर्च आहे, मान्य. ७५ वॅटचे जुने पंखे काढून २८ वॅटचे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे, लावलेत. पंतप्रधान सूर्यघर योजनेत छतावरच्या सौर पॅनेलसाठी २ किलोवॅटला ६०,००० रुपये अनुदान आहे. पॅनेल पडवीच्या पत्र्यावर बसवायचं म्हणतेय. कौलांना मात्र भोक पाडू देणार नाही.