चपला, ग्लास आणि एक टाळ

शुक्रवार, 11 जुलै

सकाळपासून झड लागलीय. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या या पश्चिम अंगाला जुलैत दुसरं काय असणार! मलप्रभा उगाच नाही कणकुंबीत उगम पावत. निम्मी पोरं भिजून आली, छत्र्यांचं पाणी व्हरांड्यातून वर्गात शिरलं, दुधाच्या वेळी एकाचा ग्लास दुसऱ्याच्या पायानं कलंडला. तरी आज मी एकदाही ओरडले नाही. घरी येऊन चहाचा पहिला घोट घेतल्यावर लक्षात आलं, घसा दुखत नाही. जूनमध्ये रोज संध्याकाळी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या चालल्या होत्या.

लिहून ठेवते. नाहीतर पुढच्या जूनला परत पहिल्यापासून.

माझ्याकडं पहिली ते तिसरी एकत्र, 24 पोरं, नली-कलीचा वर्ग. 1995 साली म्हैसूर जिल्ह्यातल्या एच. डी. कोटे तालुक्यात ही पद्धत सुरू झाली आणि मग कर्नाटकभर गेली. कन्नडमध्ये 'नलि' म्हणजे आनंदानं डोलणं आणि 'कलि' म्हणजे शीक. पोरं इयत्तेप्रमाणं बसत नाहीत. अभ्यासाच्या टप्प्यांच्या शिडीवर ज्याची जी पायरी, त्याप्रमाणं कार्ड, आणि कार्डाप्रमाणं गट. सगळे जमिनीवर गोल करून, मीही जमिनीवरच. एक कार्ड संपलं की पोरानं उठायचं, ते ठेवायचं, दुसरं घ्यायचं, दुसऱ्या गटात जाऊन बसायचं. म्हणजे कुणी ना कुणी सदा उठलेलंच. कागदावर वाचताना किती गोड वाटतं! जूनच्या दुसऱ्या आठवड्यात माझा वर्ग म्हणजे खानापूरचा बसस्टँड झाला होता.

त्यात एक पोरगा आहे. त्याचं नाव इथं नको, भोवरा म्हणते. दुसरीतला. बसला तर एक गुडघा तरी हलत असतो. तो उठला की मागून चौघं उठतात. त्याची आई दाराशी उभी राहून सांगून गेली, "ऐकत नसंल तर दोन हाणा की बाई, आमचं काय म्हणणं नाही." आमच्या वेळी निरगुडीचा फोक होता, आणि तो आणायलाही आम्हालाच धाडायचे. आता ते नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात कलम 17 आहे. पण कायदा नसता तरी मारलं असतं का? जूनमधल्या एक-दोन दुपारी, खरं सांगायचं तर, हात शिवशिवला होता.

मारलं नाही, पण त्याहून फार बरं काही केलं असंही नाही. त्यालाच मॉनिटर केलं. सगळे मास्तर हाच इलाज सांगतात, खोडकराला जबाबदारी द्या. दोन दिवस त्यानं फळ्यावर नावं लिहिली. तिसऱ्या दिवशी मी हेडसरांकडं सही घ्यायला गेले होते. परत येताना दाराबाहेर थबकले, कारण आतून माझाच आवाज येत होता. "किती वेळा सांगायचं रे तुम्हाला? माणसं आहात का कोण?" हातात पट्टी, दुसरा हात कमरेवर, मान तिरकी. हुबेहूब. पहिलीतली एक चिमुरडी भिंतीला चिकटून उभी होती. मॉनिटरपद त्याच दिवशी बंद केलं आणि फळ्यावरची नावं पुसली. त्याला रागावले नाही. कुठल्या तोंडानं रागावणार?

मग एक साधं काम केलं. हजेरीच्या मागच्या पानावर, ओरडले की एक रेघ आणि त्यापुढं वेळ. सोमवारी 19 रेघा भरल्या. त्यातल्या 14 वेळा वर्गात शिकणं-शिकवणं काहीच चाललेलं नव्हतं. प्रार्थनेहून आत येताना, कार्ड बदलताना, दुधाला उठताना, हात धुऊन परतताना. कार्ड हातात असताना ही पोरं तशी शहाणी असतात, भोवरासुद्धा. सगळा धिंगाणा दोन कामांमधल्या सांध्यांत होता. आणि सगळ्यांत मोठा सांधा होता माझा स्वतःचा: मान खाली घालून मोबाइलवर जेवणाचा आकडा भरायचा तो वेळ. तेवढ्यात तर रामायण-महाभारत दोन्ही होऊन जायची.

म्हणून शिकवणं बाजूला ठेवलं आणि सांधे शिकवायला घेतले. पहिले तीन दिवस फक्त चपला. व्हरांड्यात खडूनं जोडीजोडीच्या चौकटी आखल्या. काढ, ठेव, आत ये, परत बाहेर जा, परत काढ. पोरांना तो खेळच वाटला. हेडसर खिडकीतून बघून म्हणाले, "बाई, कार्डं कधी सुरू करणार, का यंदा चपलाच?" त्यांचंही खरं होतं. पण आता सकाळची धक्काबुक्की गेलीय. आज पावसात खडू धुऊन निघाला, तरी चपला ओळीतच होत्या.

दुधाचं अवघड होतं. क्षीरभाग्य या शाळेतल्या दुधाच्या योजनेची पावडर 18 ग्रॅम, त्याचं दीडशे मिली दूध, हे सरकारचं गणित. पण ग्लास कुणाचा, यावरून रोज भांडण. जुन्या नेलपॉलिशनं ग्लासांवर आकडे घातले. भांडण संपलं. वर पहिलीच्या पोरांना वीसपर्यंतचे आकडे फुकटात ओळखू यायला लागले.

माझ्या बोलण्यातली खोडही तेव्हाच सापडली. "वह्या ठेवा, ग्लास घ्या, हात धुवा आणि ओळीत बसा," असं मी एका दमात म्हणायची. त्यांच्या कानात उरायचं फक्त 'बसा'. मग निम्मी जागच्या जागी बसायची आणि मी खवळायची. आता एका वेळी एकच गोष्ट. एक मुलगी नुसती बघत उभी राहायची, हट्टी आहे असं मी धरून चालले होते. तिच्या घरी कन्नड बोलतात, तिला माझं निम्मं कळतच नव्हतं. आता हातानं दाखवते आणि "बा इल्लि" म्हणते. येते की बिचारी पळत.

आणि टाळ. आषाढी रविवारी झाली, त्याआधी आठवडाभर पोरं दिंडीच्या तयारीत होती. गावात निम्मी घरं माळकरी. दुपारी अंड्याऐवजी केळं घेणारी माझ्या वर्गात नऊ जण आहेत. शाळेच्या पेटीतला टाळाचा एक जोड मी टेबलावर आणून ठेवला. एकदाच वाजवायचा आणि धरून ठेवायचा. नाद पुरता विरला की हात वर. आधी कोण हात वर करतंय त्याला किंमत नाही, खरंच विरल्यावर कोण करतंय ते बघायचं. त्यासाठी गप्प बसावंच लागतं. भोवरा यात सगळ्यांत तरबेज निघाला. डोळे मिटून ऐकतो. मला ऐकू येईनासं झाल्यावरही त्याचा हात खालीच असतो, आणि मग तो माझ्याकडं असा बघतो की बाई, तुमचे कान गेले.

म्हणून तो सुधारला असं नाही. काल त्यानं एकाच्या दप्तरात बेडूक सोडला. पण त्याला बसवायचा हट्ट मी सोडलाय. भिंतीलगतच्या बुटक्या फळ्यावर उभ्यानं लिहितो, अक्षरही बरं येतं.

हात धुण्याचा सांधा मात्र अजून निखळलेलाच आहे. नळ दोन, पोरं 24, वर पाऊस. अंड्याची टरफलं मोरीत अडकतात, स्वयंपाकाच्या मावशी माझ्यावर चिडतात. आज त्या म्हणाल्या, "बाई, तुमचा तो टाळ इकडं आणून वाजवा की जरा." वाजवून बघितला. पत्र्यावरच्या पावसात कुणालाच ऐकू गेला नाही.

आत्ता ग्रुपवर विचारणा सुरू झालीय, उद्या पावसाची सुट्टी आहे का म्हणून. उत्तर अजून कुणाचंच नाही. सुट्टी पडली तर मध्ये दोन दिवस जातील आणि सोमवारी परत चपलांपासून. खडूचा डबा संपत आलाय, व्हरांड्यासाठी ऑइलपेंटची छोटी डबी आणायला हवी.