एकशे दोन ताप आणि किलोमीटरचा रस्ता

अमेरिकेत, ॲरिझोनातल्या टूसॉनला आल्यावर पहिल्याच जूनमध्ये रेडिओवर ऐकलं, "आज एकशे दोन." मनात पहिला प्रश्न आला, कुणाला? आपल्याकडे हवा सेल्सिअसमध्ये आणि ताप मात्र फॅरनहाइटमध्ये. एकशे दोन म्हटलं की मला कपाळावर मिठाच्या पाण्याच्या पट्ट्याच आठवतात. इथे ती साधी दुपार, आपली 39.

पेट्रोलचं तर विचारूच नका. अमेरिकन गॅलन 3.785 लिटरचा आणि ब्रिटिश 4.546 लिटरचा.

गंमत म्हणजे इथूनच आय-19 हा महामार्ग मेक्सिकोच्या सीमेवरच्या नोगालेसला जातो आणि त्यावरची अंतरं चक्क किलोमीटरमध्ये लिहिलेली आहेत. वेगमर्यादा मात्र मैलात! पहिल्यांदा पाटी पाहिली तेव्हा गावचा माणूस भेटल्यासारखं वाटलं. 1975 मध्ये राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी मेट्रिकच्या, म्हणजे मीटर-किलोग्रॅमच्या मापांच्या कायद्यावर सही केली, पण सक्ती कुणावरच नव्हती. त्यासाठी नेमलेलं मंडळ रेगन यांच्या काळात, 1982 मध्ये गुंडाळलं गेलं. त्या हौसेच्या दिवसांतल्या या पाट्या तेवढ्या उरल्या. पुढे त्या मैलात करायचं निघालं, तर रस्त्यालगतच्या व्यावसायिकांनीच विरोध केला. बाहेर पडायच्या फाट्यांचे नंबर किलोमीटरवरून दिलेले, आणि तेच त्यांच्या पत्त्यांत आणि जाहिरातींत छापलेले.

माझे शेजारी सुतारकाम करतात. परवा पुस्तकांच्या कपाटाचं माप घ्यायला आले आणि मीटर बरा की फूट, यावरून आमची जुंपली. मी 1999 चं मंगळयान काढलं: नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर. एका गटाची आकडेमोड पौंडात, दुसऱ्याने ती न्यूटन या मेट्रिक मापात आहे असं धरलं, आणि यान हातचं गेलं. ते टेप गुंडाळत म्हणाले, "फुटाचा तिसरा हिस्सा चार इंच. आता मीटरचा तिसरा हिस्सा सांग." मी 33.33 वर अडकलो. बाराला दोन, तीन, चार, सहा, सगळ्यांनी भाग जातो. लाकूड कापणाऱ्याला याहून काय हवं?

मग मी ठेवणीतला मुद्दा काढला. 1893 पासून अमेरिकेचा यार्ड आणि पौंड मीटर-किलोग्रॅमवरूनच ठरवले जातात, आणि 1959 पासून इंच म्हणजे नेमका 2.54 सेंटिमीटर. म्हणजे तुमची टेपसुद्धा आतून मेट्रिकच! हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी टेप उलटसुलट करून पाहिली, जणू कुठे तसं लिहिलेलं सापडेल.

"बरं," ते म्हणाले, "वरचा कप्पा तुझ्या हाताला लागायला हवा. उंची किती तुझी?"

"पाच फूट सात," मी बोलून गेलो.

त्यांनी काही न बोलता ते पेन्सिलीने लाकडावर लिहून घेतलं.