घडीच्या स्टुलाचा थाट

घडीच्या आसनाला आपल्याकडे मान नाही. मंगल कार्यालयात पंगतीपेक्षा पाहुणे वाढले की गोदामातून निघते ती घडीची खुर्ची. फ्रान्सच्या राजांच्या व्हर्सायच्या दरबारात मात्र राणीसमोर नुसत्या स्टुलावर बसण्याचा हक्क डचेसना, म्हणजे ड्यूक सरदारांच्या बायकांना होता, बाकीच्या बहुतेक बायका उभ्या. प्राचीन रोममध्ये कॉन्सल आणि प्रीटर हे बडे अधिकारी बसत तेही हस्तिदंती घडीच्या आसनावर. तेव्हा पुण्यात जुन्या बाजारात रविवारी एखादं सोनेरी, कैचीच्या पायांचं स्टूल विकायला दिसलं तर हसू नये. घाईने घेऊही नये.

विकणारा सोनं दाखवेल. आपण आधी खिळा पाहावा. पाय जिथे एकमेकांना छेदतात तिथे दोन्ही लाकडांतून धातूचा खिळा आरपार जातो आणि सगळा ताण त्याच्याभोवतीच्या लाकडावर येतो. भोक झिजून लांबट झालं की स्टूल कुरकुरतं, पुढे तिथूनच लाकडाला उभी चीर जाते. स्टूल सपाट फरशीवर पूर्ण उघडून तिरके कोपरे आळीपाळीने दाबावेत. डुललं तर खिळा सैल आहे, नाहीतर पाय पिळला आहे. फुलीच्या खाचेचा स्क्रू दिसला तर ती दुरुस्ती 1930 च्या दशकाआधीची असणार नाही. तो दोष नव्हे, पण ‘सगळं ओरिजिनल आहे साहेब’ या वाक्याची किंमत तिथे उतरवून घ्यावी.

बैठकीकडे कुणी बघतच नाही. वजन आलं की पाय फाकू पाहतात. त्यांना धरून ठेवते ती ताणलेली बैठकच. म्हणून विरलेल्या मखमलीवर बसून पाहू नये. मखमल बदलायची तर आधी खाली सुती निवारीच्या पट्ट्या ठोकाव्यात, नेमक्या जुन्या बैठकीच्या लांबीच्या. पट्टी लांब झाली की स्टूल बुटकं होतं आणि खिळ्यावरचा ताण वाढतो.

आता सोनं. अस्सल वर्ख साधारण 80 मिलिमीटरच्या चौकोनात येतो, जाडी मिलिमीटरचा दहा हजारावा भाग. टॉर्च तिरका धरला की दोन वर्खांच्या जोडाच्या पुसट रेषा दिसू शकतात. खाली खडूची भुकटी आणि सरसाचे थर, त्यावर लाल माती, मग वर्ख, आणि शेवटी अकीकाच्या गुळगुळीत दगडाने घोटून आणलेली चमक. म्हणून कडा झिजल्या की लाल डोकावतं. हात जिथे कधी पोचत नाही तिथेही तसंच लाल दिसलं, तर कुणीतरी सँडपेपरने ‘जुनेपण’ आणलं आहे. पितळी भुकटीचा रंग असेल तर तो नक्षीच्या खाचांत साचतो आणि कालांतराने तपकिरी पडतो.

घरी आणल्यावर दसऱ्याच्या साफसफाईपासून ते वाचवावं. सरस पाण्यात विरघळतो; एका ओल्या फडक्याने सोनं, माती, खडू सगळं निघू शकतं, आणि पितांबरीचं तर नावच नको. कोरडा मऊ कुंचला पुरे. एप्रिलमध्ये लाकूड आकसतं, जुलैत फुगतं, वरचा खडूचा थर मात्र तेवढा ताणत नाही, मग पोपडे सुटतात. खिडकीपासून आणि ओल येणाऱ्या भिंतीपासून लांब ठेवावं. पायाखाली ताजी पिवळसर भुकटी दिसली तर लाकडात कीड आहे.

आणि स्टूल खरंच शंभर वर्षांपलीकडचं निघालं, तर अमेरिकेतल्या लेकीला पाठवण्याआधी पुरातत्त्व खात्याकडे चौकशी करावी. 1972 च्या कायद्याने ते पुरावस्तू ठरलं, तर खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही.